भिंती पुन्हा उभ्या राहतील, आवाजाचे काय?

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर एकामागून एक चित्रफिती येऊ लागल्या. छतातून उसळणाऱ्या ज्वाळा, रस्त्यावर जमलेली माणसे, अग्निशमन दलाच्या गाड्यांचे भोंगे. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, ज्यांचे नाव या नाट्यगृहाला दिले आहे त्या केशवराव भोसले यांची जयंती होती. रंगकर्मी त्या दिवशी जमले ते राखेसमोर. कोल्हापूरकर माणूस सहसा डोळ्यांत पाणी दाखवत नाही, पण त्या सकाळी दिसले.

माझा रंगभूमीशी संबंध तसा लांबचा. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, गरज पडली तर उर्दूचेही तास घेतो. कोल्हापूर आमच्या गावापासून एसटीने तासाभरावर आहे. काही वर्षांपूर्वी याच नाट्यगृहात आंतरशालेय काव्यवाचनाची स्पर्धा होती आणि सातवीतल्या एका मुलीला घेऊन मी गेलो होतो. स्पर्धेचा नियम होता की माइक वापरायचा नाही. मुलीचा आवाज बारीक. त्यात आमच्या मुलांची नेहमीची अडचण, ती म्हणजे ‘ळ’. घरात उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्या मुलांच्या जिभेला हे अक्षर लवकर वळत नाही. ‘बाळ’चा ‘बाल’ होतो आणि ‘वेळ’चा ‘वेल’. महिनाभर मी तिच्याकडून ‘ळ’ घोटून घेतला होता. स्पर्धेच्या दिवशी धास्तीने मी पुढे बसलोच नाही. अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ टेकून उभा राहिलो.

आणि मला प्रत्येक ‘ळ’ ऐकू आला. जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते आणि सुटते, तेवढेसुद्धा. ती ओरडत नव्हती, वर्गात बोलते तशीच बोलत होती. तिला बक्षीस मिळाले नाही, पण परतीच्या एसटीत मी तिच्याइतकाच खूश होतो. तिची मेहनत होतीच, पण त्या सभागृहानेही तिला हात दिला होता. ते छत, तो लाकडी रंगमंच, त्या भिंती यांनी एका सातवीतल्या मुलीचा बारीक आवाज उचलून शेवटच्या रांगेपर्यंत आणून सोडला होता.

आगीची चित्रफीत पाहताना मला हेच आठवत होते. नाट्यगृह पुन्हा उभारू, होते तसे उभारू, अशी ग्वाही लगेच दिली गेली आणि काम हातीही घेतले गेले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ‘होते तसे’ म्हणजे नेमके कसे? कमानी छायाचित्रांवरून करता येतील. खुर्च्या, पडदे, रंग यांच्या नोंदी मिळतील. पण बारीक आवाजातला ‘ळ’ शेवटच्या रांगेला पोहोचतो की नाही, हे कोणत्या छायाचित्रात पाहायचे?

हा प्रश्न जगात आधीही पडला आहे आणि त्याचे एक उत्तरही सापडले आहे. त्यासाठी आधी इटलीतल्या व्हेनिस शहरात जावे लागेल.

व्हेनिसमध्ये ‘ला फेनिचे’ नावाचे ऑपेरागृह आहे. फेनिचे म्हणजे फिनिक्स, राखेतून उठणारा पक्षी. १७९२ मध्ये ते सुरू झाले, १८३६ मध्ये जळाले, वर्षभरात पुन्हा उभे राहिले आणि २९ जानेवारी १९९६ च्या रात्री पुन्हा जळाले. दुरुस्तीसाठी शेजारचे कालवे कोरडे केलेले होते, त्यामुळे आग विझवणाऱ्या होड्यांना जवळ येता आले नाही. पाण्यावर वसलेल्या शहरात आग विझवायला पाणी कमी पडले. व्हेनिसकरांनी ठरवले की ‘जसे होते तसे, जिथे होते तिथे’ बांधायचे. २००३ च्या डिसेंबरमध्ये ते पुन्हा उघडले.

आपल्या कामाची गोष्ट आगीच्या आधीची आहे. आगीच्या अवघे दोन महिने आधी लाम्बेर्तो त्रोंकिन या ध्वनिशास्त्रज्ञाने त्या सभागृहाचा आवाज मोजून ठेवला होता. आग लागेल असे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हते. तो आपला नेहमीचा अभ्यास करत होता. पुढे आंजेलो फारिना या सहकाऱ्यासोबत त्याने ती मोजमापे प्रसिद्ध केली. १९९६ मध्ये जळालेल्या त्या सभागृहात आज कुणी बसू शकत नाही, पण तिथे बसल्यावर व्हायोलिन कसे ऐकू आले असते, हे कानाला हेडफोन लावून ऐकता येते.

हे कसे जमते ते शिक्षकाच्या पद्धतीने सांगतो. रिकाम्या सभागृहात एक अगदी छोटा, तीव्र आवाज करायचा. फुगा फोडायचा किंवा शर्यतीच्या सुरुवातीला उडवतात तसे पिस्तूल उडवायचे. आवाज क्षणभराचा असतो, पण सभागृह त्याला लगेच सोडत नाही. तो आधी सरळ आपल्या कानावर येतो. मग बाजूच्या भिंतीवरून, मग छतावरून, मग मागच्या भिंतीवरून शेकडो वाटांनी थोडा थोडा उशिरा येत राहतो आणि विरत जातो. हे सगळे येणे आणि विरणे ध्वनिमुद्रित करायचे. ही त्या जागेची सही म्हणा किंवा अंगठ्याचा ठसा म्हणा. प्रत्येक वास्तूचा वेगळा, आणि त्याच वास्तूत पहिल्या रांगेचा वेगळा, गॅलरीतला वेगळा. हा ठसा हातात आला की संगणक गणित करून कोणताही आवाज त्या जागेत बसवू शकतो. अट एवढीच की मूळ आवाज जिथे काहीच घुमत नाही अशा खोलीत मुद्रित केलेला हवा.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चचेही असेच झाले. १५ एप्रिल २०१९ ला त्याचे छत जळाले. ब्रायन कॅट्झ या संशोधकाच्या गटाने त्याआधीच आत मोजमापे घेऊन ठेवली होती आणि त्यावरून संगणकातले प्रारूपही तयार केले होते. त्यामुळे पुनर्बांधणीच्या काळात ‘आधी कसे ऐकू येत होते’ या प्रश्नाला आठवणींवर अवलंबून न राहता उत्तर देता येत होते. डिसेंबर २०२४ मध्ये ते चर्च पुन्हा उघडले.

मग ज्या वास्तूंची मोजमापे कुणी घेतलीच नाहीत, त्यांचे काय? त्यांचाही आवाज संगणकावर उभा करता येतो, पण वेगळ्या वाटेने. त्या वाटेचे मूळ एका वर्गखोलीत आहे, म्हणून मला ती गोष्ट विशेष आवडते.

१८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एक नवे व्याख्यानगृह बांधले गेले आणि त्यात शिकवलेले कुणालाच कळेना. उच्चारलेला एक शब्द तिथे साडेपाच सेकंद घुमत राही. तोपर्यंत वक्ता आणखी दहा-पंधरा शब्द बोललेला असे. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितले गेले की हे दुरुस्त कर. त्याने जवळच्या एका नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायला सुरुवात केली. गाद्या वाढवत जायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचे. सकाळी गाद्या परत नेऊन ठेवायच्या. यातून त्याला नियम सापडला. जागा जितकी मोठी तितका निनाद लांबतो. आवाज शोषणाऱ्या वस्तू जितक्या जास्त तितका तो आटोपतो. गादी किती शोषते, पडदा किती, लाकूड किती, आणि माणूस किती, हे सगळे त्याने मोजले. आजच्या ध्वनिशास्त्राचा पाया म्हणजे एका शिक्षकाची ही रात्रपाळी.

या नियमाच्या आधारे, आणि नंतर आलेल्या संगणकाच्या ताकदीवर, वास्तूचा आराखडा, उंची, दगड, लाकूड, गिलावा यांची माहिती भरली की तिच्यात आवाज कसा फिरेल हे काढता येते. युरोपीय संघाच्या मदतीने २००३ ते २००६ या काळात झालेल्या ‘एराटो’ प्रकल्पात जॉर्डनमधले जेराश आणि तुर्कस्तानातले आस्पेन्दोस अशा रोमन काळातल्या नाट्यगृहांचा आवाज याच वाटेने उभा केला गेला. सेव्हिल विद्यापीठातल्या संशोधकांनी कोर्दोबाच्या मशिदीवर काम केले. आठव्या शतकात बांधलेली ती मशीद दहाव्या शतकापर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि सोळाव्या शतकात तिच्या मधोमध कॅथेड्रल उभे राहिले. आज तिथे उभे राहून जुनी मशीद ऐकता येत नाही. संगणकात मात्र प्रत्येक विस्ताराच्या वेळची मशीद वेगवेगळी उभी करून तिचा ध्वनी अभ्यासता आला.

इथे काही वाचक थांबतील, विशेषतः आपल्यातले. मशिदीचे ठीक आहे, पण नाटक-तमाशाच्या थिएटरचे आपल्याला काय? हा प्रश्न मला आमच्या स्टाफरूममध्येही विचारला गेला आहे. त्याला माझी दोन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर मुंबईतले. १८४६ साली नाना शंकरशेठ यांनी दिलेल्या जागेवर ग्रँट रोडला एक नाट्यगृह उभे राहिले. १८५३ मध्ये सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या मंडळींनी तिथे मराठी नाटके केली. त्याच वर्षी पारशी मंडळींनी तिथे आपले नाटक केले आणि त्याच वर्षी भाव्यांनी ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदुस्तानी भाषेत केले. पुढे याच परिसरात पारशी कंपन्यांनी उर्दू नाटके वाजवली. म्हणजे मराठी, गुजराती आणि हिंदुस्तानी या तिन्ही रंगभूमी मुंबईत एकाच लाकडी फळ्यांवर चालायला शिकल्या. मी एका तासाला मराठी आणि दुसऱ्या तासाला उर्दू शिकवतो. लोक विचारतात, दोन्ही कसे जमते? मी त्यांना ग्रँट रोडचा पत्ता देतो. आज ते नाट्यगृह नाही. उरले आहे एक नाव, ‘पिला हाऊस’. ‘प्लेहाऊस’चा लोकांच्या तोंडी झालेला हा अपभ्रंश. तेव्हा थिएटर आपले नव्हते असे म्हणणाऱ्याला आपलाच इतिहास ठाऊक नाही.

कोल्हापूरचेही तेच. ज्या शाहू महाराजांनी १९१५ मध्ये हे नाट्यगृह ‘पॅलेस थिएटर’ म्हणून उभे केले, त्यांच्याच दरबारात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब गायक होते. मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी १९०६ मध्ये कोल्हापुरात जी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तीही त्याच राजाच्या पुढाकाराने. ज्या राजाने आपल्या मुलांना शाळा दिली, त्याने शहराला नाट्यगृह आणि शेजारी खासबागचे कुस्ती मैदान दिले. यातले एक आपले आणि दुसरे परके, अशी वाटणी निदान मला करता येत नाही.

दुसरे उत्तर असे की वास्तूचा आवाज हा विषय आपल्या वाडवडिलांना चांगला ठाऊक होता. रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने नाट्यगृहात काशाची भांडी बसवून आवाज सुधारण्याची पद्धत लिहून ठेवली आहे. त्याच्यानंतर दीड हजार वर्षांनी इस्तंबूलमध्ये मिमार सिनानने सुलेमानिया मशिदीच्या घुमटात तोंड उघडे असलेली मडकी चिणली. १५५७ मध्ये ती मशीद पूर्ण झाली. थिएटर बांधणारा आणि मशीद बांधणारा या दोघांपुढे प्रश्न एकच होता की एका माणसाचा आवाज हजारो माणसांपर्यंत स्वच्छ कसा न्यायचा. सिनानच्या मशिदी आणि त्याच शहरातली जुनी बायझंटाइन चर्चेस, दोन्हींचा ध्वनिवारसा नोंदवून ठेवण्यासाठी २००० ते २००३ या काळात ‘काहरिस्मा’ नावाचा प्रकल्प झाला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी २०१० मध्ये हागिया सोफियात फुगे फोडून तिचा ठसा घेतला. तिथे आवाज दहा सेकंदांहून अधिक काळ घुमतो. त्या ठशाच्या आधारे आता अमेरिकेतल्या सभागृहात गाणारा गायकवृंद हागिया सोफियात गात असल्यासारखा ऐकू येतो. त्या वास्तूच्या मालकीचा वाद मोठा आहे आणि तो इथे काढायचा नाही. मला एवढेच दिसते की तिच्या घुमटाने आधी ख्रिस्ती स्तोत्रे आणि मग जवळपास पाचशे वर्षे कुरआनची तिलावत सारख्याच इमानाने घुमवली.

आपल्या जवळचे उदाहरण विजापूरचे. सोलापूर, सांगली, कोल्हापूरकडची एकही शाळा नसेल जिची सहल गोलघुमटाला गेली नाही. मुहम्मद आदिलशहाची ती कबर १६५६ च्या सुमारास पूर्ण झाली. मुले जिने चढून वर जातात, गॅलरीत उभी राहून हाका मारतात आणि त्याच हाका पुन्हा पुन्हा परत ऐकून हसत खाली येतात. आपण सगळे तिथे पाहायला नाही, ऐकायला जातो. पण खाली उतरलो की ती गंमत होऊन जाते. हाही एक वारसा आहे, जपायचा असतो, मोजायचा असतो, हे मुलांना कुणी सांगत नाही. मीही अनेक सहलींमध्ये सांगितले नव्हते.

आता या विषयावरचे आक्षेप. ते मला स्वतःलाही पडलेले आहेत.

एक जण म्हणतो, आज प्रत्येक नाटकाला माइक असतो. कॉलर माइक, रंगमंचाच्या कडेला माइक, दोन्ही बाजूंना मोठे स्पीकर. मग सभागृहाच्या स्वतःच्या आवाजाची मातब्बरी कशाला? यात तथ्य आहे. पण माइक कुणाच्या वाट्याला येतो ते पाहा. ज्याच्याकडे पैसे आहेत त्या नाटकाला उत्तम यंत्रणा मिळते. शाळेच्या स्नेहसंमेलनाला, हौशी मंडळींना, स्पर्धेतल्या एकांकिकेला मिळेल ती यंत्रणा, आणि ती अर्धा वेळ शिट्ट्या मारते. सभागृह चांगले असेल तर गरिबाच्या नाटकालाही ते फुकट मदत करते. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केले, तेव्हा त्यांच्याजवळ गळा आणि सभागृह एवढेच होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कोणता आवाज परत आणायचा? १९१५ चा, की माझ्या आठवणीतला? मधल्या काळात या नाट्यगृहाचे नूतनीकरण झाले होते. खुर्च्या बदलल्या की आवाज बदलतो. पंखे जाऊन वातानुकूलन आले की बदलतो. शिवाय प्रेक्षक! सॅबिनने माणसालाही मोजले होते ते याचसाठी. फेटे, उपरणी आणि नऊवारी लुगडी यांनी भरलेले सभागृह आणि रिकाम्या खुर्च्यांचे सभागृह या दोन वेगळ्या जागा असतात. म्हणजे आपण मोजून ठेवू तो एका दिवसाचा, एका अवस्थेचा आवाज असेल. हे मला मान्य आहे. पण छायाचित्रसुद्धा एका क्षणाचेच असते. म्हणून आजोबांचा फोटो कुणी काढलाच नाही, असे होत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, इशारा आहे. मोजलेला आवाज आणि अंदाजाने उभा केलेला आवाज यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, पण हेडफोनमधून दोन्ही सारख्याच आत्मविश्वासाने ऐकू येतात. ला फेनिचेच्या आवाजामागे प्रत्यक्ष मोजमाप आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या थिएटरच्या आवाजामागे आराखडे, उरलेले दगड आणि तज्ज्ञांचा तर्क आहे. तो तर्क उत्तम असू शकतो, तरी तो तर्कच. संगणक मध्ये थांबून सांगत नाही की इथून पुढे मी अंदाज करतो आहे. ते माणसाने सांगायचे असते. आपल्याकडे इतिहासाच्या नावाखाली हवे ते दाखवायची आणि ऐकवायची हौस वाढते आहे. उद्या कुणी एखाद्या नाहीशा झालेल्या नाट्यगृहाचा किंवा किल्ल्यावरच्या सदरेचा ‘अस्सल आवाज’ म्हणून काही ऐकवले, तर पहिला प्रश्न विचारा की यातले मोजलेले किती आणि मानलेले किती? उत्तर नीट मिळाले तर आनंदाने ऐका. नाही मिळाले तर ती करमणूक समजा.

आणि म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की हरवलेल्या वास्तूंचा आवाज संगणकावर उभा करणे ही मोठी गोष्ट आहे, पण आपले पहिले काम तिच्या आधीचे आहे. ज्या वास्तू उभ्या आहेत त्यांचा आवाज आजच मोजून ठेवायचा. ला फेनिचे आणि केशवराव भोसले नाट्यगृह, आग दोन्हींना लागली. व्हेनिसच्या वाटेत एक माणूस दोन महिने आधी यंत्र घेऊन उभा होता. मी कोल्हापूरच्या ज्या रंगकर्मींशी बोललो, त्यांच्यापैकी कुणीही तिथे असा माणूस पाहिलेला नाही. त्यांच्याकडे आहेत त्या आठवणी. एकाने मला सांगितले, “सर, तिथं कुजबुज केली तरी मागं जायची.” आठवण खरी आहे, पण आठवणीवरून छताचा उतार काढता येत नाही.

मोजायला किती खर्च येतो? नवे नाट्यगृह बांधण्याच्या खर्चापुढे नगण्य. चांगला माइक, ध्वनिमुद्रण यंत्र, लॅपटॉप आणि मोकळे सभागृह. विश्लेषणाची काही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. अभियांत्रिकी महाविद्यालय एका बाजूला आणि नाट्यसंस्था दुसऱ्या बाजूला असलेली शहरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. विद्यार्थ्यांना प्रकल्प हवा असतो, नाट्यसंस्थेला नोंद हवी असते. दोघांनी एकमेकांचे दार वाजवायचे आहे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९११ चे. १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडले. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे. ते पाडून नवे बांधायच्या चर्चा काही वर्षांपासून चालू आहेत. पाडावे की ठेवावे यावर वाद होत राहील. निदान हातोडा पडण्याआधी त्याचा आवाज मोजून घ्यावा, यावर वाद व्हायचे कारण नाही. माझ्या मते कोणत्याही जुन्या सभागृहाचे पाडकाम किंवा मोठे नूतनीकरण करण्यापूर्वी हे मोजमाप सक्तीचे असावे. जसे नकाशाशिवाय परवानगी नाही, तसे.

आणि फक्त नाट्यगृहे नव्हेत. आपल्या मशिदी, दर्गे, जमातखाने यांचीही वेळ भरत आली आहे. दरवर्षी कुठे ना कुठे जुनी मशीद पाडून नवी उभी राहते. जागा कमी पडते, हे खरे असते. पण लाकडी छताच्या जागी स्लॅब येतो, चुन्याच्या भिंतींवर टाइल्स बसतात, मग सगळे घुमायला लागते, मग आणखी मोठे स्पीकर येतात, आणि शेवटी खुतबा कुणालाच नीट कळत नाही. जुन्या बांधणाऱ्याला जे कळत होते ते आपण विटांबरोबर फेकून देतो.

मागच्या वर्षी मी आठवीच्या मुलांना घेऊन एक छोटा प्रयोग केला. फुग्यांचे पाकीट आणि एक मोबाइल. वर्गात फुगा फोडला, पत्र्याच्या शेडमधल्या आमच्या ‘हॉल’मध्ये फोडला, ग्रामपंचायतीच्या सभागृहात फोडला. मोबाइलवर आवाजाची रेघ दिसते ती मुलांनी वहीत काढली. शेडमधली रेघ सर्वांत लांब निघाली. मुलांना दोन वर्षांपासून माझे शिकवणे तिथे का कळत नाही, याचे उत्तर त्यांनीच काढले. मला मात्र इतकी वर्षे वाटत होते की मुलांचे लक्ष नसते.

मग आम्ही गावातल्या जुन्या मशिदीत गेलो. विश्वस्तांपैकी एक काका फुगे बघून म्हणाले, “मस्जिदीत फटाके? घरी जावा.” त्यांचे चूक नव्हते. आम्ही फुगे खिशात ठेवले आणि सुताराकडून दोन फळ्या आणून त्या एकमेकींवर आपटल्या. तोपर्यंत एक वृद्ध नमाजी जवळ येऊन बसले होते. त्यांनी मुलांना सांगितले की लाउडस्पीकर येण्याआधी जुम्म्याला मागच्या सफेत एक मुकब्बिर उभा राहायचा आणि इमामांची तकबीर तो पुढे पोहोचवायचा. “पण इथं आत त्याची गरज नव्हती,” ते वर बोट दाखवून म्हणाले, “फक्त अंगणात लागायची.” मुलांनी वर पाहिले. वर लाकडी छत आहे. पुढच्या वर्षी ते काढून स्लॅब टाकायचे ठरले आहे.

फळ्यांच्या आवाजाची ती फाइल माझ्या मोबाइलमध्ये आहे, आणि दुसरी प्रत शाळेच्या संगणकावर. साध्या मोबाइलवरचे मुद्रण, शास्त्रीय कसोटीला कदाचित उतरणारही नाही. चांगली यंत्रे असलेल्या कुणाला स्लॅबच्या आधी यायचे असेल तर मी विश्वस्त काकांशी बोलून ठेवले आहे. फळ्या आमच्याकडे आहेत.